सगळ्यांना कळेल असा हिशेब

नाशिक जिल्ह्यात लोटस इम्प्रॉव्हवर द्राक्षबागेचा हिशेब ठेवणारा पहिला माणूस मी होतो की नाही, ते सांगता येणार नाही. शेवटचा मात्र मीच. हे मी अभिमानानं सांगायला लागलो की घरातली माणसं एकेक करून स्वयंपाकघरात निघून जातात, म्हणून लिहून काढतो आहे.

१९९४ साली मी अशोक स्तंभाजवळच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये ‘सर’ होतो. बी.कॉम. झाल्यावर याच क्लासात कोर्स केला, नोकरी लागेना, फीचे शेवटचे हप्ते थकले. तेव्हा मालकांनी वसुलीचा मार्ग म्हणून मला शिकवायला बसवलं. अभ्यासक्रम तेव्हा गावभर एकच : वर्डस्टार, लोटस, डीबेस. चपला बाहेर काढायच्या, कॉम्प्युटरवरचं प्लॅस्टिकचं आवरण अदबीनं घडी करून ठेवायचं आणि काळ्या पडद्याकडे बघत बसायचं. उद्या जे शिकवायचं ते मी आज रात्री वाचत असे. एखाद्या हुशार मुलीनं त्यापुढचं काही विचारलंच तर “ते ॲडव्हान्समध्ये येतं” असं गंभीरपणे सांगत असे. त्यामुळे ॲडव्हान्सच्या बॅचा भरायच्या. मालक माझ्यावर खूश होते.

लोटस म्हणजे लोटस वन-टू-थ्री. त्याआधीचा इतिहास मी पहिल्याच तासाला सांगून टाकत असे, कारण इतिहासात प्रात्यक्षिक दाखवावं लागत नाही. हार्वर्डच्या बिझनेस स्कूलमध्ये शिकणाऱ्या डॅन ब्रिकलिनच्या मनात आलं, की फळ्यावरच्या तक्त्यातला एक आकडा पुसून बदलला तर बाकीचे आपोआप का बदलू नयेत? बॉब फ्रँकस्टनबरोबर त्यानं ‘व्हिजिकॅल्क’ तयार केलं. १९७९ साली ते ॲपल टूवर आलं आणि या एका प्रोग्रॅमसाठी धंदेवाले लोक कॉम्प्युटर विकत घ्यायला लागले. मग मिच केपॉर आला. हा गृहस्थ पूर्वी भावातीत ध्यान शिकवत असे. त्यानं जॉनथन सॅक्सला घेऊन १९८३ च्या जानेवारीत वन-टू-थ्री बाजारात आणलं, पहिल्याच वर्षी ५ कोटी डॉलरच्या वर धंदा केला आणि १९८५ मध्ये व्हिजिकॅल्क बनवणारी कंपनीच विकत घेऊन ते बंद करून टाकलं. ध्यान शिकवणारा माणूस लोटस काढून कोट्यधीश होतो, तर लोटस शिकवणारा माणूस काय होईल, या विचारात मी असतानाच बॉस्टनचा मावसभाऊ सुट्टीवर आला.

त्यानं माझ्यासाठी एक जाडजूड खोका आणला होता. आत फ्लॉप्या आणि पुस्तकं. वर लिहिलेलं : लोटस इम्प्रॉव्ह, विंडोजसाठी. “तू लोटसमध्ये आहेस ना,” तो म्हणाला. मी लोटस कंपनीत आहे असा मावशीचा समज होता आणि तो दूर करण्याची घाई मी केली नव्हती. खोक्यावर चिकटवलेली किंमत तीनदा खाली आणलेली होती. अमेरिकेत जी वस्तू खपत नाही ती नाशकात भेट म्हणून येते, हे मला तेव्हाच समजायला हवं होतं. पण तो खोका मला इतका आवडला, की मी तो पुढे कितीतरी महिने दर्शनी कपाटात गणपतीशेजारी ठेवला.

क्लासमध्ये विंडोज एकाच मशीनवर होतं, मालकांच्या केबिनमधल्या. त्यावर मालक पत्त्यांचा खेळ खेळत. ते रात्री घरी गेले की मी इम्प्रॉव्ह लावून बसायचो. आणि खरं सांगतो, दोन-तीन रात्रींत माझी झोप उडाली. कारण ते फार सुंदर होतं.

त्याची जन्मकथा अशी. लोटस कंपनीत पिटो सालास नावाचा एक माणूस होता. १९८६ च्या सुमारास त्याच्यावर काम आलं, की पुढच्या काळातलं स्प्रेडशीट कसं असावं ते शोध. त्यानं लोकांची शीटं पाहिली आणि त्याच्या लक्षात आलं, की माणसं एकाच जाळीत तीन वेगवेगळ्या गोष्टी कोंबतात : आकडे, आकड्यांमधलं नातं आणि ते मांडायची पद्धत. ‘बी सात वजा बी बारा’ म्हणजे काय, ते लिहिणाऱ्यालाही महिन्याभरानं आठवत नाही. सालासनं तिन्ही सुटं केलं. इम्प्रॉव्हमध्ये चौकटींना पत्ते नव्हते, नावं होती. सूत्रं जाळीच्या पोटात दडवलेली नसत. ती खाली वेगळ्या पट्टीत, सरळ शब्दांत लिहिलेली असत. नफा म्हणजे विक्री वजा खर्च. बस्स. आणि ‘महिना’, ‘माल’, ‘गाव’ अशा प्रत्येक वर्गाची एक छोटी पाटी पडद्यावर असायची. ती माउसनं उचलून दुसरीकडे ठेवली, की आडवा तक्ता उभा व्हायचा आणि उभा आडवा.

१९८८ मध्ये हे स्टीव्ह जॉब्सनं पाहिलं. ॲपलमधून बाहेर पडून त्यानं नेक्स्ट नावाचे काळेभोर, देखणे आणि साडेसहा हजार डॉलरचे कॉम्प्युटर काढले होते. त्याला इम्प्रॉव्ह इतकं भावलं, की ते आधी नेक्स्टवर यावं म्हणून तो लोटसच्या मागेच लागला. १९९१ च्या फेब्रुवारीत ते नेक्स्टवर आलं. जाणकारांनी डोक्यावर घेतलं. अडचण एवढीच, की नेक्स्टची सगळी मिळून जेमतेम ५० हजार यंत्रं विकली गेली. (याच यंत्रावर टिम बर्नर्स-लीनं जिनिव्हाजवळ वर्ल्ड वाइड वेब बांधलं, तेव्हा यंत्र अपशकुनी होतं असं म्हणता येत नाही.) विंडोजवर इम्प्रॉव्ह यायला १९९३ उजाडलं. तोवर जगानं वन-टू-थ्री आणि एक्सेल यांत आपापली घरं बांधून वर माळवद टाकलेलं होतं.

हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला एवढंच दिसत होतं, की माझ्या हातात भविष्य आहे आणि ते वापरायला हिशेब नाही. माझा स्वतःचा हिशेब दोन ओळींत संपत असे. म्हणून मी मामांकडे गेलो.

मामांची द्राक्षबाग पिंपळगाव बसवंतच्या पुढे आहे. तेव्हा तीन तुकडे होते : वरचा मळा, खालचा मळा आणि विहिरीचा. जात थॉमसन सीडलेस. ऑक्टोबरात गोडी छाटणी झाली की मार्चपर्यंत त्या घरात दुसरा विषय नसतो. डोळे फुटले का, घड किती सुटले, डाउनी आली का, भुरी आली का, जीएचं डिपिंग कधी, विरळणीला बायका किती. नुकतीच १९९१ मध्ये महाग्रेप्स निघाली होती, सहकारी सोसायट्यांमार्फत द्राक्षं परदेशी जायला लागली होती आणि ओसरीवर बसलेला जो तो ‘कॉस्टिंग’ हा शब्द वापरत होता. मामांचं कॉस्टिंग औषधाच्या दुकानदारानं दिवाळीला दिलेल्या डायरीत होतं. खर्च पेन्सिलीनं, उधारी पेनानं आणि येणं असलेली रक्कम फक्त डोक्यात, कारण ती डायरी मामीही वाचत.

“मामा, तुमचा हिशेब चार बाजूंचा आहे,” मी सांगितलं. “मळा एक बाजू, बाब एक, महिना एक आणि हंगाम एक. साध्या कागदावर दोनच बाजू मावतात. म्हणून तुम्हाला कळत नाही.”

“मला कळतंय,” मामा म्हणाले. “दुसऱ्याला कळत नाही. तसंच ठेवलंय.”

हे वाक्य तिथल्या तिथे लिहून घेतलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. मी डायरी घेऊन नाशकाला आलो.

इम्प्रॉव्हची एक अट होती. आधी ठरवा, मग लिहा. वन-टू-थ्रीमध्ये कुठल्याही कोपऱ्यात काहीही खरडता येई. पाहुण्यांचा चहा, कुणाचा फोन नंबर, काहीही. इम्प्रॉव्ह आधी विचारायचं, ही गोष्ट कोणत्या वर्गातली? मजुरी, औषध, खत, डिझेल, बांबू-तार इथवर मी ऐटीत होतो. मग डायरीचं पान उलटलं. चुलतमामांचा ट्रॅक्टर दोन दिवस आणला, बदल्यात आपले बैल दिले. हे कोणत्या बाबीत? औषधाची एक टाकी अर्धी वरच्या मळ्यात मारली, अर्धी खालच्यात, तळाशी उरलेली शेजाऱ्याला दिली, त्यानं त्याबद्दल पाटीभर वांगी आणून दिली. वांगी जमेला धरायची का? आणि मग एका पानावर ठसठशीत अक्षरांत : ‘बारसं – ११००.’ विरळणीच्या टोळीतल्या एका बाईच्या नातवाचं बारसं होतं. टोळी ऐन वेळी दुसऱ्या बागेत जाऊ नये म्हणून मामांनी ते सढळ हातानं साजरं केलं होतं. म्हणजे खर्च मजुरीचा होता आणि नाव बारशाचं.

मी प्रामाणिक माणूस. ‘बारसं’ अशी बाब उघडली. इम्प्रॉव्हला एकदा बाब सांगितली की ती प्रत्येक मळ्यात, प्रत्येक महिन्यात, प्रत्येक हंगामात तयार. तीन मळ्यांत ऑक्टोबर ते मार्च दरमहा बारशाचा रकाना उभा राहिला. बैलांचा तसाच. वांग्यांचा तसाच. डायरीतली चार पानं पडद्यावर शे-सव्वाशे रिकाम्या चौकटी घेऊन पसरली. ते चार एमबीचं मशीन एकेक पाटी हलवताना एवढा वेळ घेई, की मी मधल्या मध्ये खाली जाऊन टपरीवर चहा पिऊन यायचो. दोनदा लाइट गेली, दोनदा पहिल्यापासून. पण शेवटी हिशेब जुळला. नावं रोमन अक्षरांत, भाषा मराठी, सूत्रं शब्दांत. किलोमागचा खर्च म्हणजे एकूण खर्च भागिले एकूण माल. कुणीही वाचावं आणि समजावं.

मामा बँकेच्या कामाला नाशकात आले तेव्हा त्यांना रात्री केबिनमध्ये नेलं. मामींना पण यायचं होतं. कॉम्प्युटर बघायचा होता. दोघंही चपला काढून, हात मागे बांधून उभे राहिले. मी पडद्यावरचं सूत्र वाचून दाखवलं.

“नफा म्हणजे विक्रीतनं खर्च वजा,” मामांनी पुन्हा म्हणून पाहिलं. “हे या यंत्राला आधी ठाऊक नव्हतं?”

“आता बघा,” म्हणत मी ‘मळा’ची पाटी उचलून ‘महिना’च्या जागी ठेवली. यंत्र घरघरलं, पडदा पांढरा झाला, आणि बऱ्याच वेळानं तक्ता फिरून उभा राहिला. मला वाटलं, आता टाळ्या.

“पैसे वाढले का?” मामांनी विचारलं.

“नाही मामा. पैसे तेवढेच. बाजू बदलली.”

“मंग फिरवलं कशाला?”

मामींचा प्रश्न निराळा होता. त्या कितीतरी वेळ एका ओळीकडे बघत होत्या. “सहा महिने बारसं कोणाचं चाललंय?” त्यांनी विचारलं, आणि मामांकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर निवायला पिंपळगाव यावं लागलं. अकराशे रुपयांची ती नोंद मामींनी डायरीत कधी वाचली नव्हती. ती नेमकी अशा पानावर होती, जिथं आधीच्या दोन ओळी पाण्याच्या पाळीच्या होत्या, आणि पाण्याच्या पाळ्या मामी वाचत नसत.

इथे शहाणा माणूस थांबला असता. माझ्या मनात मात्र आणखी एक गोष्ट होती. स्प्रेडशीटचा सगळ्यात मोठा चमत्कार म्हणजे ‘असं झालं तर?’ हा खेळ. ब्रिकलिनच्या फळ्यापासूनचा तोच. भाव तेरा धरला तर नफा किती, बारा धरला तर किती, अकरा, दहा, नऊ, आठ. मी भावांची अख्खी शिडी तयार केली आणि जिथे नफा शून्य होतो त्या पायरीवर, सात रुपये चाळीस पैशांवर, जाड चौकट आखली. क्लासच्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर रुंद कागदावर ते सगळं छापून घेतलं. प्रिंटर अर्धा तास किंचाळत होता. सूत्रंही छापली, कारण कळायला हवं. फेब्रुवारीत गावी गेलो आणि तो लांबलचक कागद ओसरीच्या भिंतीवर खिळे मारून लावला. मामांनी एकदा पाहिलं आणि म्हणाले, “शोभतंय.” ते घाईत होते; खालच्या मळ्यात रात्रीच्या थंडीनं मणी तडकायला लागले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी व्यापारी आला. मामा मळ्यात, मामेभाऊ तालुक्याला. घरात पुरुषमाणूस मी एकटा. मी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं. तो बोलघेवडा होता, हसतमुख होता. भिंतीकडे बघत म्हणाला, “हे काय, भाऊ? कुंडली का?”

कोणी आपण होऊन विचारण्याचा हा पहिलाच प्रसंग. मला गहिवरून आलं. मी उठलो, पट्टी घेतली आणि त्याला इम्प्रॉव्ह समजावून सांगितलं. पिटो सालासपासून सुरुवात केली. आकडे वेगळे, नातं वेगळं, मांडणी वेगळी. तो मध्ये मध्ये “वा वा” म्हणत होता. इतका एकाग्र विद्यार्थी मला क्लासमध्ये कधी मिळाला नाही. पुढे रोमन अक्षरं तो स्वतःच जुळवून वाचायला लागला, आणि मी त्याला शाबासकी दिली. शेवटी त्याचं बोट जाड चौकटीवर येऊन थांबलं.

“म्हणजे याच्या खाली गेलं की तोटा. आणि याच्या वर सगळा फायदाच?”

“अगदी बरोबर,” मी म्हणालो. “बघा, किती सोपं आहे!”

मामा आले, हातपाय धुतले, बसले. बाजारात त्या आठवड्यात बारा-साडेबारा चालू होता. मामांनी चौदा सांगितला. आता तो दहा म्हणणार, मामा उठून जायला लागणार, मामी चहा आणणार आणि बारावर हात मिळणार, ही त्या घराची वर्षानुवर्षांची रीत. व्यापाऱ्यानं साडेआठ सांगितला. मामा हसले. व्यापाऱ्यानं भिंतीकडे नुसता हात केला. मग मामा उठले, भिंतीजवळ गेले आणि त्यांनी तो कागद पहिल्यांदाच खऱ्या अर्थानं वाचला. सगळा. सूत्रांसकट. कळायला त्यांना काहीच त्रास पडला नाही.

तडकलेले मणी थांबायला तयार नव्हते. आकाशात ढग होते. सौदा पावणेदहाला झाला. रात्री मामा मला एक शब्दही बोलले नाहीत, मामींनी मात्र वाढताना सांगितलं, “तुझ्या त्या दुसऱ्या लोटसमधी लिहिलं असतंस तर बरं झालं असतं. ते म्हणे कोणालाच कळत नाही.”

मामींनी ते सहज म्हटलं, पण इम्प्रॉव्ह का बुडालं यावर मी नंतर जेवढं वाचलं त्यात याहून नेमकं मला कुठे सापडलं नाही. तज्ज्ञ म्हणतात, की लोकांची जुनी शीटं वन-टू-थ्रीत अडकलेली होती, लोटसचाच हा थोरला मुलगा धाकट्याच्या आड आला, विंडोजवर एक्सेल पुढे निघून गेलं होतं. हे सगळं खरं असेल. पण मी क्लासमध्ये ऑफिसांचे हिशेबनीस पाहिले आहेत. स्वतः बनवलेलं शीट ते छातीशी धरून बसत. ‘बी सात वजा बी बारा’ फक्त त्यांना कळत असे, म्हणून साहेब त्यांना रजेवरही सोडत नसे. त्या माणसाला तुम्ही सांगणार, की आता तुझा हिशेब शिपायालाही वाचता येईल? तो काय खोका विकत घेणार? शिवाय आधी सगळं ठरवा आणि मग लिहा, हे ज्यांना जमतं त्यांना स्प्रेडशीट लागतच नाही.

१९९५ मध्ये आयबीएमनं साडेतीन अब्ज डॉलरला लोटस कंपनी घेतली. १९९६ मध्ये इम्प्रॉव्ह बंद झालं. मला हे बऱ्याच उशिरा कळलं, कारण मी अजून ‘पुढची आवृत्ती आली की मशीनही नवं घेऊ’ असं मालकांना पटवत होतो. माझी फाइल दुसऱ्या कशात उघडेना. त्या पावसाळ्यात फ्लॉप्या कपाटातून काढल्या तर आतल्या चकतीवर पांढरी बुरशी. मी तेवढ्यावरच न थांबता मामांना फोन करून विचारलं, भुरीवर गंधक चालतं, तर फ्लॉपीवर चालेल का. त्यांनी फोन मामींकडे दिला.

सालासची कल्पना मात्र मेली नाही. पाट्या उचलून तक्ता फिरवण्याचा तो खेळ एक्सेलनं पिव्हट टेबल म्हणून घेतला, आणि आज त्याला पिव्हट टेबलचा जनक म्हणतात. परवा मामेभावाचा मुलगा, जो शेतकरी उत्पादक कंपनीचं काम बघतो, मला लॅपटॉपवर हेच दाखवत होता. मळा इकडे, महिना तिकडे, ओढलं की फिरलं. “काका, हे एकदम नवीन आहे बरं का,” तो म्हणाला. मी त्याला १९९१, नेक्स्ट, जॉब्स, सगळं सांगायला सुरुवात केली, तर त्यानं हळूच लॅपटॉप मिटला. फाइलला पासवर्ड आहे का, एवढंच मी विचारलं. आहे, म्हणाला. कोणाकोणाला माहीत आहे? “मला, बाबांना आणि आजीला.” आजी म्हणजे आमच्या मामी. आता ऐंशीच्या पुढच्या आहेत. लॅपटॉपला हात लावत नाहीत, पण पासवर्ड पाठ आहे. आणि हंगामात मी गावी असलो आणि फाटकात व्यापाऱ्याची गाडी वाजली, की त्या अजूनही मला आत हाक मारून लसूण सोलायला बसवतात.